पट्टा ओरडतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दर वर्षी ह्या सभेत कुणीतरी उपयोगाच्या विषयावर बोलते. गेल्या वर्षी मधुमेहाचा आहार झाला, त्याच्या आदल्या वर्षी मृत्युपत्र. यंदा कार्यवाह बाईंनी मला उभे केले आणि विषयही त्यांनीच दिला. म्हणाल्या, "तुमची मोटार रस्त्यात पेटली होती ना, तेवढे सांगा." मोटार पेटली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. धूर निघाला होता. पण आपल्या आळीत धुराची आग व्हायला फार वेळ लागत नाही, आणि ती बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

आमची मोटार तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. २००२ सालची मारुती ८००, पांढरी. ह्या मोटारी निघायच्या बंद झाल्या त्याला, जानेवारी २०१४ पासून मोजले तर, बरीच वर्षे झाली. पंधरा वर्षांनी हिची नोंदणी पुन्हा करावी लागली तेव्हा, म्हणजे २०१७ साली, ती ह्यांनी केली. पुढची २०२२ साली आली, तेव्हा हे नव्हते. कागद घेऊन मीच गेले. हे होते तोवर बॉनेट कुठून उघडते तेही मला माहीत नव्हते. चालवायला येत होते, पण चालवणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे.

मोटार विकून टाका, असे पुष्कळांनी सांगितले. विकलीही असती. पण शेजारच्या काकूंचे डायलिसिस सुरू झाले आणि आठवड्यातून दोनदा त्यांना वाईहून साताऱ्याला न्यायचे काम माझ्याकडे आले. त्यांची मुले परगावी. एस. टी.ने त्या जाऊ शकत होत्या, पण चार तास यंत्राला लावून घेतल्यावर परत एस. टी.त उभे राहून येणे त्यांच्याने होईना. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकराची वेळ ठरलेली. ती चुकवून चालत नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

२०२३ सालचा मे महिना. सकाळी मोटार सुरू केली की पहिले काही क्षण पुढून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. जत्रेतली पिपाणी फुंकावी तसा, कानाला झिणझिण्या आणणारा. मग आपोआप थांबायचा. चार दिवस दुर्लक्ष केले. पाचव्या दिवशी समोरच्या बंगल्यातले गृहस्थ म्हणाले, "तुमचा फॅन बेल्ट ओरडतोय." म्हणजे पंख्याचा पट्टा. गंमत अशी की, ह्या मोटारीतला पंखा पट्ट्यावर चालतच नाही, त्याला स्वतःची विजेची मोटर आहे. पूर्वीच्या मोटारींत पट्टा खरोखरच पंखा फिरवीत असे. पंखा तिथून गेला, नाव मागे राहिले.

आता हा पट्टा काय करतो ते सांगते, आणि त्यासाठी आपल्या शिवणवर्गात यावे लागेल. पायाच्या मशीनला कातड्याचा पट्टा असतो. खालचे मोठे चाक आपण पायाने फिरवतो, पट्टा वरचे लहान चाक फिरवतो. पट्टा सैल झाला की पाय चालतो आणि सुई चालत नाही. मग आपण तो थोडा कापून, पुन्हा हूक लावून आखडता करतो. मोटारीत हेच आहे. इंजिनचे चाक, ज्याला पुली म्हणतात, ते पट्टा ओढते आणि आमच्या मोटारीत तो पट्टा आणखी दोन पुल्या फिरवतो. एक आल्टर्नेटरची, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राची, ज्याला जुने फिटर अजून डायनॅमोच म्हणतात. आणि दुसरी पाण्याच्या पंपाची. हा पंप इंजिनभोवती पाणी खेळवतो आणि त्याचा ताप बाहेर काढतो. वातानुकूलनासाठी एक निराळा पट्टा आहे. इंजिनच्या आत झाकणाखाली टायमिंगचा दातेरी पट्टा असतो तो वेगळाच. त्याची वेळ किलोमीटरवर ठरलेली असते आणि त्याला घरी हात लावायचा नाही. त्याचे बोलणे आज नको.

शिवणयंत्राचा पट्टा घसरला तर गुपचूप घसरतो. मोटारीचा रबराचा पट्टा मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने घसरतो, म्हणून किंचाळतो. आणि घासून तापला म्हणजे धुरावतो. मग विचारायला हवे होते की, तो घसरतो का? हा प्रश्न मे महिन्यात कुणीच विचारला नाही. मीही नाही.

गॅरेजवाल्याने (त्याचे नाव मी घेणार नाही, माणूस वाईट नव्हे) पट्टा बदलला. आठ दिवस शांतता. जूनमध्ये पाऊस लागला आणि किंकाळी परत आली, आता जरा लांबलचक. त्याने पट्टा घट्ट केला. पंधरा दिवसांनी पुन्हा आवाज. दुसरा नवा पट्टा घातला आणि तो आणखी घट्ट केला, वीणेच्या तारेसारखा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिसरा. "जुनी गाडी आहे वहिनी, आवाज करायचाच," असे तो म्हणाला आणि मी ते मानले. बाईने कुरकुर सांगितली की वयाकडे बोट दाखवायचे, हे आपल्याला नवीन नाही. पण मोटारीच्या बाबतीत मीही तेच केले, रेडिओचा आवाज वाढवला.

ह्याच काळात आणखी एक गोष्ट चालली होती. पुढच्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी कमी व्हायचे. दर रविवारी मी तांब्याभर पाणी घालीत होते, तुळशीला घालावे तसे. काकूंना दिवसाचे पाणी पेल्याने मोजून प्यावे लागत होते, आणि माझी मोटार किती पाणी पिते हे मी मोजतही नव्हते. आवाजाची तक्रार मी गॅरेजवाल्याकडे नेली, पाण्याची कुणाकडेच नेली नाही, कारण ती मला तक्रार वाटली नाही.

मग तो मंगळवार. पाऊस नुकता उघडला होता. पाचवड सोडून आम्ही महामार्गाला लागलो, उडतरे मागे टाकले, आणि किंकाळी सुरू झाली ती थांबेचना. समोरच्या काट्यांच्या पाटीवर बॅटरीचा तांबडा दिवा लागला. काकू म्हणाल्या, "अगं, काहीतरी जळतंय." मला वास आला तेव्हा पुढच्या जाळीतून निळसर धूर येत होता आणि तापमानाचा काटा वर चढत होता.

वासाबद्दल थोडे थांबून सांगते, कारण ह्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको; दूध लागले की बाहेरच्या खोलीत बसून आपल्याला कळते. पट्ट्याचा वास जळक्या रबराचा, रस्त्यात टायर जाळल्यासारखा. शीतक, म्हणजे रेडिएटरचे हिरवे पाणी बाहेर पडत असेल तर वास गोडसर येतो, पाक उतू गेल्यासारखा, आणि धूर म्हणून दिसते ती पांढरी वाफ असते. तेल गरम नळीवर सांडले तर तळणीचा खवट वास. आणि वायर जळत असेल तर प्लास्टिकचा झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. ह्या शेवटच्या वासाला एक क्षण थांबू नये. किल्ली काढून सगळ्यांनी उतरावे, लांब व्हावे. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडू नये, वारा मिळून आग भडकते.

आमचा वास रबराचा होता. मी मोटार कडेला घेतली, इंजिन बंद केले, काकूंना उतरवून कठड्यापलीकडे बसवले. हे मी केले त्यात शहाणपण नव्हते, घाबरले होते. पण तेच बरोबर होते, असे मागाहून कळले. पाण्याचा पंप ज्या पट्ट्यावर आहे तो पट्टा घसरत असताना "सातारा आता जवळच आहे, नेऊ तशीच" असे म्हणून मोटार पुढे काढली तर इंजिनमध्ये पाणी फिरत नाही, हेड गॅस्केट जळते, प्रसंगी इंजिनचे डोकेच वाकते. काही शे रुपयांच्या पट्ट्यावरून गोष्ट कित्येक हजारांवर जाते.

काकूंना साताऱ्याला नेले ते दुधाच्या टेंपोवाल्याने. त्याने काकूंना पुढे बसवले आणि पैसे घेतले नाहीत. अकराची पाळी गेलीच होती. तिथल्या परिचारिकेने संध्याकाळची शेवटची पाळी दिली, आणि त्या रात्री साडेदहाला घरी पोचल्या. दिवसभर पाय सुजलेले, धाप लागलेली. मी मात्र मोटारीपाशी. कुणीतरी पाचवडच्या एका वृद्ध फिटरला फोन करून दिला. तासाभराने ते मोटारसायकलवर, नातवाच्या मागे बसून आले.

त्यांनी पहिले काय केले असेल? काहीच नाही. बॉनेट उघडून बिडी ओढत लांब बसून राहिले. "निवू द्या," म्हणाले. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही, हे त्यांनी मला तिथे तीनदा बजावले. आत दाबाखाली उकळते पाणी असते आणि ते तोंडावर येते. किल्ली माझ्या हातात दिली आणि ती हातातच धरायला लावली, कारण काही मोटारींतला विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकदम सुरू होतो. आणि माझ्या पदराकडे बोट दाखवले. मी तो कमरेला घट्ट खोचला. बॉनेटखाली वाकताना पदर, ओढणी, मंगळसूत्र, मोकळी वेणी, ह्यांतले काही लोंबता कामा नये, आणि इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात मुळीच न्यायचा नाही.

मग त्यांनी मला विचारले, "आवाज कवा येतो?"

मी म्हटले, "सकाळी."

"निस्ता सकाळी? का दिवं लावल्यावर? का एशी लावल्यावर?"

मला सांगता येईना. मैत्रिणींनो, आपण डॉक्टरांकडे जाताना ताप केव्हा चढतो ते लिहून नेतो. मोटारीचे नेत नाही. आणि इथे निम्मे निदान ह्याच प्रश्नात आहे. सुरू करताना काही क्षण ओरडून थांबत असेल, विशेषतः दमट हवेत, तर पट्टा सैल तरी आहे किंवा गुळगुळीत तरी झाला आहे. त्या वेळी आल्टर्नेटर बॅटरी भरून काढीत असतो आणि पट्ट्यावर ओढ जास्त असते. मोठे दिवे, काच पुसणारे वायपर, पंखा हे सगळे एकदम लावल्यावर आवाज वाढला तर तीच दिशा. वातानुकूलन लावल्याबरोबर किंचाळी आली आणि बंद केल्याबरोबर गेली तर संशय कंप्रेसरवर आणि त्याच्या पट्ट्यावर. बंद करूनही खरखर राहिली, तर कंप्रेसर नव्हे, त्याच्या पुलीची बेरिंग. ती पुली वातानुकूलन बंद असतानाही फिरतच असते. ज्या मोटारीला पॉवर स्टीअरिंग पट्ट्यावर आहे तिथे चक्र पूर्ण वळवून पाहतात. आणि चिमणीसारखी तालात चिव-चिव येत असेल, तर ते घसरणे नव्हे. पुल्या एका रेषेत नाहीत.

शेवटी त्यांनी जे केले ते मला फार आवडले, इतके साधे होते. आल्टर्नेटरचा नट पान्ह्याने सैल केला, तो आत ढकलला आणि पट्टा काढून घेतला. आता प्रत्येक पुली मोकळी, कुणाचा कुणाशी संबंध नाही. मला म्हणाले, "फिरवा हातानं." आल्टर्नेटरची फिरवली. फिरली, पण बोटांना बारीक वाळू लागावी तशी कचकच. मग पंपाची. ती हलेना. जोर केल्यावर अडकत अडकत, खरडत फिरली. "आता धरून हलवा, वर-खाली." हलवली तर डळमळली. पुली फिरायची असते, डुलायची नसते.

"ताई, पट्ट्याचा काय दोष न्हाय बगा," ते म्हणाले. "पट्टा वरडतोय म्हंजी म्होरं कुनीतरी अडलंय. पानी किती पिती गाडी?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. पंपाखाली त्यांनी बोट फिरवून दाखवले. पांढरट-तांबूस खरकटे वाळलेले, आणि वर ओली रेघ. पंपाच्या अंगाला एक लहानसे भोक ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी त्या भोकातून ठिबकते. त्यावरून मालकाला कळते. माझ्या मोटारीने मे महिन्यापासून कळवले होते. ते थेंब पुलीवर उडून पट्टा भिजत होता, भिजून घसरत होता, घसरून ओरडत होता. उपाय म्हणून पट्टा आवळला. त्या ओढीने आधीच दुबळी झालेली पंपाची बेरिंग आणखी खचली, आणि जाता जाता आल्टर्नेटरचीही खराब झाली. तीन नवे पट्टे म्हणजे तीन वेळा दुखण्यावर दिलेला ताण. ह्यात मोटार बनवणाऱ्यांना बोल लावायचा नाही. वीसएक वर्षे फिरलेली बेरिंग ती.

काढलेला पट्टा त्यांनी वाकवून दाखवला. त्याचा छेद पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद, असतो. पुष्कळांना वाटते तो तळाने पकडतो. तसे नाही; तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी रुतून पकडतो. म्हणून पाहायच्या त्या बाजू. त्या काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर पट्टा घसरतो आहे, हे ठरलेच. पट्टा खाचेत खोल बसून तळ चमकत असेल तर पट्टा तरी झिजला किंवा पुली तरी. चिरा, निघालेले धागे, तेलाने फुगून मऊ झालेली जागा, ह्यांपैकी काहीही दिसले तर नवा घ्यावा; पण तेल किंवा पाणी कुठून आले ते आधी बंद करून मगच घालावा. नव्या मोटारींत एकच रुंद, लांब रेघांचा पट्टा सगळ्यांना वेढून असतो आणि ताण धरायला आपोआप चालणारी पुली असते. तिथे ती पुलीही फिरवून पाहावी. हल्लीच्या रबराला चिरा लवकर पडत नाहीत. रेघांमधल्या खाचा झिजून खोल झाल्या का ते बघावे लागते.

ताण किती असावा? इंजिन बंद आणि थंड असताना दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने चांगले दाबले तर साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडा कमी दबावा. नेमका आकडा मोटारीच्या पुस्तकात असतो. ते पुस्तक आमच्याकडे होते, ह्यांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. नवा पट्टा थोडा ताणतो, म्हणून काही शे किलोमीटरांनी पुन्हा पाहावा लागतो.

मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका ताईंनी विचारले होते की, पिठाच्या गिरणीत पट्टा घसरला की राळ टाकीत, तसे काही टाकता येत नाही का? कुणी साबण सांगितला, कुणी मेण, आणि एकीने खोबरेल तेल. खोबरेल तर मुळीच नको, रबर खराब होईल. साबण-मेणाने आवाज एक दिवस बंद होतो, आणि आवाज बंद झाला की आपण शोधायचे थांबतो. टाकायचेच असेल तर साधे पाणी टाका, आणि तेही तपासणीपुरते. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर फवारतो ती बाटली घ्यायची, लांबून, इंजिन चालू असताना पट्ट्यावर एकदा फुसकारायची. आवाज वाढला तर बहुधा पट्टा सैल. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बहुधा पुल्यांची रेषा चुकली आहे. एक मात्र खरे की, वातानुकूलनाचा निराळा पट्टा जळत असेल तर तो काढून, गरमीत घामाघूम होऊन, घरी येता येते. पाण्याच्या पंपाचा काढून येता येत नाही. आपल्या मोटारीत कोणता पट्टा काय फिरवतो हे म्हणून आधीच पाहून ठेवावे, रस्त्यात नव्हे.

मोटार दोरीने पाचवडला नेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम चालले: नवा पंप, आल्टर्नेटरच्या बेरिंगा, एक नवा पट्टा, चौथा. फिटर आजोबांनी त्याला आवळले ते अंगठ्याने मोजून. शुक्रवारी आम्ही अकराला दहा मिनिटे कमी असताना साताऱ्यात होतो. काकू आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. मी काही वाढवून सांगितले असेल तर त्या सांगतील. पाय सुजल्याचे सांगू नकोस म्हणाल्या होत्या, ते मी सांगितले.

तो जुना पंप मी पिशवीतून आणला आहे. जड आहे, दोन्ही हातांनी धरा. पुली हलवून पाहा, म्हणजे डळमळणे म्हणजे काय ते बोटांना कळेल, आणि खालचे ते लहान भोक शोधा. पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मोटार मंडळाच्या अंगणात बॉनेट उघडून, पट्टा काढून उभी करते. ज्यांना पुल्या फिरवून पाहायच्या आहेत त्यांनी यावे. जुनी साडी नेसून या, हात काळे होतात.